रकाना

गोवंडीत सात नंबरच्या नळावर सुरा चालला
त्याला आता पाच आठवडे झाले.
मेला एकच. रजिस्टरात तसंच आहे.

पण दवाखाना नळाच्या पलीकडे
आणि अलीकडचं कुणी पलीकडे जात नाही.
इद्रिसभाईंच्या टीबीच्या गोळ्या एकोणीस दिवस चुकल्या.
भिंत पत्र्याची. खोकला आरपार जातो,
तिकडे सुलभाचं तान्हं.

गोवराची लस द्यायला गेले
तर दाराच्या फटीतून एक डोळा म्हणाला, नंतर या.
नंतर म्हणजे कधी, मीही विचारलं नाही.

ज्याने मारलं त्याच्या आईचं बीपी
दोनशे दहावर एकशे वीस.
जो मेला त्याची आई मोजूच देत नाही.
पट्टा गुंडाळला की म्हणते, सोड गं,
शेवटी त्याने माझा दंड असाच धरला होता.

तिची धाकटी हंडा घेऊन
हायवेच्या टँकरवर जाते, शाळा बुडवून.
हिला कुठल्या रकान्यात लिहू?
म्युन्सिपाल्टीच्या फॉर्मात ताप आहे, जुलाब आहेत,
कुत्रा चावल्याचासुद्धा आहे.

काल मॅडम ओरडल्या,
घोसाळकर, तुमचेच आकडे कसे पडले?
मी चपलेकडे बघत राहिले.
खरं तर मीही नळ टाळते.
लसींचा डबा खांद्याला लावून
गटाराच्या कडेकडेने, भंगारवाल्यांना वळसा घालून जाते.
पोचेपर्यंत आतल्या बर्फाचं
पाणी झालेलं असतं.