ग्लोनली, एक नग

हल शहराच्या बस डेपोत, तिकीटखिडकीच्या मागे,
जिथला हीटर फक्त एकाच बाजूने तापतो,
हिल्डा थॅकरे बसते. हरवल्या-सापडल्याची बाई.
नोंदवहीत रकाने पाच: तारीख, मार्ग, वस्तू,
कुठे सापडली, मालकाची सही.
'वस्तू'चा रकाना जेमतेम दोन बोटं रुंद.
"डाव्या हाताचा, लोकरी, करडा,
अंगठ्याला भोक पडलेला मोजा"
त्यात मावणार कसा?
म्हणून एका मंगळवारी तिने लिहिलं: ग्लोनली.
ग्लव्ह आणि लोनली, एकाच शाईत.
पुढे, नियमाप्रमाणे: एक नग.

मग हाताला चटकच लागली.
छत्र्या आल्या, एका दिवसात अकरा.
तिथला वारा नदीवरून येतो आणि छत्र्या उलट्या करतो,
माणसं रागारागाने त्यांना सीटखाली टाकून जातात.
अंब्रेलास, तिने लिहिलं.
म्हणून पाहा,
शेवटच्या अक्षराला खांदे आपोआप पडतात.
कवळी आली, रुमालात, वरची.
कुणीतरी शेवटच्या थांब्यावर
हसू विसरून उतरलं होतं.
हिल्डाने पेन चावलं. चहा गार होऊ दिला.
मग: गुडबाइट.

डेझमंड ॲपलयार्ड ड्रायव्हर म्हणाला, मलाही एक दे करून.
बस सुटली की मागे धावणारा माणूस
एकाएकी धावणं सोडतो,
जशी त्याला ती पकडायचीच नव्हती,
दुकानाच्या काचेत बघतो, शीळ घालतो,
त्या चालण्याला काय म्हणायचं?
आरशात रोज दिसतो गं,
पण नाव नाही, त्यामुळे नीट हसता येत नाही.
फेकवॉक, हिल्डा म्हणाली. उभ्या उभ्या.
कसबी शिंपी नजरेनेच माप घेतो, तशी.
डेझमंडने तो शब्द कँटीनमध्ये नेला,
सोबत बाकीचेही नेले,
सुटे पैसे न्यावेत तसे, न मोजता.

मिस्टर पेनक, नवे साहेब, लाल पेनवाले.
त्यांनी एकोणीस ठिकाणी गोल काढले.
"हे शब्द कोशात नाहीत."
हिल्डा म्हणाली, "साहेब,
या वस्तू तरी कुठे आपल्या जागी आहेत?"
साहेब काही बोलले नाहीत.
मार्चमध्ये मात्र भिजत आले,
आजूबाजूला कुणी नाही असं पाहून
खिडकीशी वाकले
आणि हळूच म्हणाले,
"काळी. लाकडी मुठीची. अंब्रेलास. आलीय का?"

तीन महिने कुणी नेलं नाही
की वस्तू धर्मादाय दुकानात जातात.
करडा मोजाही गेला.
शब्द राहिला वहीत,
सहीचा रकाना कोरा.

आणि काल एक मुलगा आला, आठ-नऊ वर्षांचा,
नाव विचारलं तर नुसतं फिन म्हणाला.
डबा विसरला होता, निळा, झाकणावर व्हेल मासा.
तिने दिला. सवयीने विचारलं,
अजून काही हरवलंय?
नाही, तो म्हणाला. म्हणजे, वस्तू नाही.
मार्था लीड्सला राहायला गेली ना,
तर सध्या मी शाळेत ग्लोनली असतो.
जेवणाच्या सुट्टीत जास्त.

हिल्डाने तोंड उघडलं.
अरे, ते मोज्याचं नाव आहे,
ते नाम आहे, विशेषण नाही,
त्याला पाच बोटं असतात,
आणि ते मी,
इथे, याच खुर्चीत...
तोंड मिटलं.
कुठून ऐकलास, विचारलं फक्त.
फिनने खांदे उडवले. सगळे म्हणतात.

तिने जुनी वही ओढली. पानं मागे, मागे,
त्या मंगळवारपर्यंत.
इथे सही कर, म्हणाली.
त्याने जीभ बाहेर काढून नाव लिहिलं,
शेवटच्या अक्षराची शेपटी
रकान्याची रेघ ओलांडून गेली, समासात, थेट कडेपर्यंत.
कशाची सही? त्याने विचारलं.
डब्याची, हिल्डा म्हणाली.

डबा आजच्या वहीत होता.