शून्याचा रकाना

हर्णैच्या बंदरावर, बर्फाच्या कारखान्यात
मी रात्रपाळीला लाद्या काढतो.
फुटक्या लादीला गिऱ्हाईक नसतं,
बोटवाले म्हणतात, अखंड दे.
मग तुकडे पोत्यात भरून, कॅरिअरला आवळून
पहाटे साडेचारला
पावसेबाईंचं बेडं ढकलून मी आत शिरतो.

बाई लष्करी इस्पितळात नर्स होत्या,
एकवीस वर्षं, त्यातली सहा लेहला.
दुसऱ्या कुणी शाली आणल्या असत्या,
यांनी मोज्यात घालून नऊ बिया आणल्या.
आठ कुजल्या.
नववीचं हे झाड, माझ्या खांद्याएवढं,
विहीर आणि पोफळींच्या मध्ये
खाऱ्या वाऱ्याकडे पाठ करून उभं.
जर्दाळू.
"थंडीनं मरणारी जात नव्हे ही," बाई म्हणतात,
"थंडी नाही म्हणून मरेल."

खोडाला सुतळीनं बांधलेला तक्ता,
पेशंटच्या पायथ्याशी लटकवतात तसा,
वर प्लास्टिकची पिशवी.
तारीख. किमान तापमान. सात अंशांखालचे तास.
शेवटच्या रकान्यात शून्य.
त्याखाली शून्य. पान उलटा, शून्य.
मार्गशीर्षात एक रात्र सोळावर आली होती,
बाईंनी पेन उघडलं, विचार केला,
शून्य लिहिलं.

"झोपलंच नाही तर जागं कसं होणार?"
हे त्या मला विचारत नाहीत,
मुळाशी रचताना बर्फाला विचारतात.
कार्तिक सरला की पानं आपल्या हातानं उतरवतात,
ऑपरेशनच्या आधी
बाईच्या हातातल्या बांगड्या उतरवाव्यात तशी,
एकेक, न दुखावता.

कुंपणापलीकडून दोरकुळकर:
"आंब्याच्या मुलखात ह्या काय खूळ, सिस्टर?
बर्फात सुरमय ठेवतात. झाडां नाय."
"सुरमई मेलेली असते," बाई म्हणाल्या,
आणि चुन्याचा कुंचला पुन्हा बुडवला.

एकदा माघात डोळे फुगले.
बाईंनी मला भिंग दिलं.
तीन पहाटा आम्ही दोघं एका फांदीवर वाकलेले.
चौथ्या दिवशी पान निघालं.
चहा घे, म्हणाल्या.
साखर घालायला विसरल्या होत्या.

पैसे मी घेत नाही, फुटका माल तो.
त्या रोज एक सुका जर्दाळू हातावर ठेवतात,
तिकडून कुणी जुनी मैत्रीण पार्सल पाठवते.
आधी दातांशी भांडतो, गोडी मागाहून येते.
बी खिशात राहते.
महिन्याभरात खिसा सागरगोट्यांसारखा वाजू लागला.

आता मी काय केलं ते सांगतो.
डालड्याच्या डब्यात ओली वाळू, तेवीस बिया,
आणि डबा पुढच्या खोलीत,
जिथं काटा चारावर उभा असतो,
पापलेटच्या क्रेटांमागे.
शेठला कळतं तर माझीच लादी झाली असती.
पाळी सुटताना झाकणावर नुसता हात ठेवायचा.
सेहेचाळीस दिवस.

सत्तेचाळिसाव्या पहाटे बर्फाच्या पोत्यावर डबा होता.
अकरा बिया उकललेल्या,
प्रत्येकीतून पांढरं, तांदळाएवढं,
खालची वाट चाचपणारं काहीतरी.
मासळीचा वास येत होता.
बाईंनी तो घेतला, पदर नाकाला लावला नाही.
सुतळी सोडली, तक्ता माझ्यासमोर धरला,
पेनचं टोपण काढून दिलं.
माझं अक्षर म्हणजे टोच्यानं बर्फ फोडल्यासारखं.
सगळ्या शून्यांच्या खाली लिहिलं:
अकराशे चार.

"फळ नाही धरायचं हे इथं," त्या म्हणाल्या.
"नाहीच," मी म्हटलं.
मग कुंड्या शोधल्या. चारच निघाल्या.
उरलेल्या सातांसाठी
बाई कुंपणाशी गेल्या
आणि अजून उजाडलंही नव्हतं तोवर
दोरकुळकरांना हाका मारू लागल्या.