पपायरसचा देठ

मासा मेलेला असतो, हे आधीच सांगून टाकतो.
बाजारातून आणलेली वीतभर टिलापिया,
कल्ल्यातून आत पपायरसचा देठ खुपसायचा,
बोटाएवढा.
नाहीतर ती बुडते
आणि गिऱ्हाईक पैसे देताना कुरकुरतं.

नैवाशाचं पाणी चढत गेलं त्या वर्षांत
काठच्या पिवळ्या बाभळी उभ्याउभ्या मेल्या.
तिसऱ्या खोडावर ती बसते. मादी.
नरापेक्षा थोराड, मान-छाती धुऊन काढल्यासारखी पांढरी.
मी इंजिन बंद करतो.
ऊन पाठीवर घेतो.
“शटर दोन हजारांच्या पुढे ठेवा,” मी म्हणतो,
“फोकस डोळ्यावर, पंखावर नको.”
मी जन्मात कॅमेरा धरलेला नाही.

मग शीळ.
जाळं ओढताना बाप मला याच शिळेने हाक मारायचा.
मासा भिरकावतो.

ती खोडावरून सुटते. घाई नाही.
पाण्यालगत येते, आणि अगदी शेवटी,
आत्ता हुकलीच असं वाटतं तेव्हा,
पाय पुढे काढते.
बोटीत सहा कॅमेरे तडतडतात
मक्याच्या लाह्या फुटाव्यात तसे.
तेवढ्यात ती खोडावर परतलेलीसुद्धा असते.
माणसं पडद्यात डोकी घालून बसतात.
देठ ती थुंकून टाकते, तो तरंगत येतो,
मी उचलून ठेवतो. पुन्हा चालतो.

परवा एकाने फोटो पाठवला.
अपोंडीने फोनवर बोटांनी ताणून मोठा केला.
थेंब न् थेंब सुटा, पाठीत रुतलेली नखं,
माशाचं तोंड उघडं, जणू जिवंतच.
“बाबा, देठ कुठाय?”
पुसला होता.
“आणि ह्या कोपऱ्यात तुझा हात असायला हवा.”
तिथे पाणी होतं.
पाणी मात्र छान जमवलं होतं, लाटेला लाट लावून.

आता पावसात कोणी येत नाही.
मी रिकामी बोट घेऊन पलीकडे जातो
तर ती मागे मागे.
तळवे उघडून दाखवले. ऐकेना.
शेवटी डब्यातला तळलेला अर्धा मासा फेकला,
शीळ न घालता.
त्यात देठ कुठला असायला.
ती पोचेपर्यंत तळाला गेला होता.
पाण्यात नखं बुडवून ती तशीच वर गेली,
थेंब गाळत.

मी वल्हं उचललं.
आणि तोंडातून, उगाच,
शीळ निघाली.

ती वळली.