डिकीतला खर्ज

पहिल्या पेटीचा आवाज अख्ख्या ओटाराला ऐकू गेला,
फक्त गाडीत बसलेल्या आम्हालाच नाही.

मागे डिकीचा पत्रा रिकाम्या डब्यासारखा खडखडत होता,
कोपऱ्यावरची म्हातारी लेउपेपे कानांवर हात ठेवून
आमच्या नावानं देवाला काहीतरी सांगत होती,
आणि पुढच्या सीटवर
डासाची गुणगुण.

"काय बिनसलंय?" सेफो म्हणाला.

सेडानचं हेच असतं.
डिकी म्हणजे कडी घातलेली खोली.
मधे सीट, सीटमागे पत्रा,
खर्ज आत बसून राहतो
भांडून गेलेल्या माणसासारखा.

बाबा तीन दिवस बोलले नाहीत.
चौथ्या दिवशी होड्यांच्या यार्डातून आले,
कानामागची पेन्सिल तशीच,
मागची सीट उपटून अंगणात ठेवली.
आई तिच्यावर बसून अळूचे कंद सोलू लागली.

"भोक इथे आहे," आर्मरेस्टमागे, वितीएवढं.
"पेटीचं तोंड इथे टेकव.
डिकीशी नको बोलू. आत बोल."

मग अठरा मिलिमीटरचा एमडीएफ.
मी टॉर्च धरला आणि शिव्या खाल्ल्या.
आत आडव्या पट्ट्या, नाहीतर भिंती पोटासारख्या फुगतात.
सांध्यात गोंद, गोंदावर स्क्रू, स्क्रूवर पुन्हा गोंद.
ज्या हातांनी जन्मभर समुद्र बाहेर ठेवला
ते आता हवा आत ठेवत होते.
डासांची कॉइल पेटवून सांध्यांवरून फिरवली,
एका कोपऱ्यात धूर थरथरला.
तो कोपरा पुन्हा.

घशाची लांबी मात्र जमेना.
फोन सांगेल ती सेफोनं कापली,
तरी प्रत्येक गाण्यात तोच एक सूर रेकायचा,
लग्नात पिऊन आलेल्या मामासारखा.
बाबा चर्चमध्ये तीस वर्षं खर्जात गातात, मागच्या रांगेत.
छातीवर पंजा ठेवून गुणगुणले,
खाली,
आणखी खाली,
जिथे सूर संपतो आणि नुसता दाब उरतो.
"इथवर यायला हवं."
घसा चार सेंटिमीटर वाढला.

सीट परत बसवली. तिच्यावर अळूची साल चिकटलेली.
काचा वर. इंजिन बंद.
आरशातलं आमचं घर हळूच पुसट झालं.
अंगणातल्या कोंबड्यांना पत्ता नाही,
आमच्या बरगड्यांत मात्र
कुणीतरी सावकाश कपाट सरकवत होतं.

बाबा उतरून मागे गेले.
नंबर प्लेट अजून कुरकुरत होती.
खिशातून जुन्या चटईचा तुकडा काढून
तिच्यामागे कोंबला.

"लोसा, उद्या मला कामावर या गाडीनं सोड.
आवाज कमी ठेवून."

सकाळी बटण त्यांच्याच हाताशी होतं.
यार्डाच्या फाटकापर्यंत
त्यांनी त्याला बोट लावलं नाही.
पहारेकऱ्यानं नेहमीसारखा हात हलवला.
त्याला काहीच ऐकू आलं नव्हतं.