बिऱ्हाडी

येऊरच्या ओढ्यात पोटऱ्यांपर्यंत उभा राहून
मी दगड उलटतो,
पोटाकडून धुतो पांढऱ्या ट्रेमध्ये.
तीन शेपट्यांच्या अळ्या अकरा.
चतुराचं पोर एक, जबडा हनुवटीखाली दुमडून.
निवळ्या मोजत नाही, त्या थांबत नाहीत.

बारकूबाई खेकड्यांची टोपली टेकवते.
"काय गावलं?"
मी नखावर धरतो:
तोंडातल्या रेशमानं वाळू सांधून केलेली नळी,
आत कुणीतरी.
याला मराठीत नाव नाही, म्हणतो.
"घर पाठीला बांधून हिंडतंय,
बिऱ्हाडीच की."

वहीत लिहिलं, लॅटिनच्या शेजारी.

बंगल्यांच्या खालच्या अंगाला
ओढ्याला साबणाचा वास.
दगडांखाली फक्त लाल अळ्या;
श्वास अपुरा पडतो तिथे
रक्तच लाल करून घ्यावं लागतं.
बिऱ्हाडी: शून्य,
असं लिहीतच होतो,

तर शेवटच्या दगडाला एक.
नळीला वाळू, काडीचा तुकडा,
आणि दाराशी, नीट बसवलेली,
कुणाच्या तरी तरणतलावाच्या फरशीची
निळी कपची.

याला रकाना नाही.
दगड होता तसाच पालथा घातला,
हात बराच वेळ पाण्यात राहिला.