झाकणामागचा कागद

वहिनी अंगणवाडीच्या ट्रेनिंगला वर्ध्याला गेली,
एकवीस दिवस.
निर्मलाआक्का येणार होती रांधायला.
तिच्या सुनेचं बाळंतपण आधीच निघालं,
आणि विळी माझ्या पायाखाली आली.

पहिल्या दिवशी अंबाडी केली, कण्या घालून.
मोहित म्हणाला, आंबट हाय.
गुंजन म्हणाली, हिरवी हाय.
बाबांनी ताट फिरवून पाहिलं,
बाजारात बैलाचे दात पाहावेत तसं,
आणि दुधात भाकर कुस्करली.

दुसऱ्या दिवशी वरणात सांबार दिसला.
गुंजननं एकेक पान बोटानं काढलं,
ताटाच्या काठावर वाळत घातलं.
शाळेची घंटा झाली तेव्हा
वरणावर साय धरली होती.

तिसऱ्या रात्री दादा लाइनवरून आला,
खांबावरची धूळ अजून भुवयांत.
झाकण उचललं, म्हणाला,
"पाटोडी केली असती तं..."
मी म्हणालो, "असती तं,"
आणि राखेनं कढई घासत बसलो
ती चकचकीत होऊन गेल्यावरही.

चौथ्या दिवशी पिठाच्या डब्याचं झाकण
उलटं ठेवलं गेलं.
आतून कागद चिकटवलेला.
वर लिहिलं होतं, आक्का,
आणि खाली वहिनीचं अक्षर,
पोषण आहाराच्या रजिस्टरातल्यासारखं, रकाने पाडून.

मोहित: टमाटरचं साल दिसू नये. किसून टाकावं.
गुंजन: एकमेकाला लागलेलं खात नाही.
दोन वाट्या. वाट्याही लागू देऊ नये.
मामंजी: डॉक्टरनं मीठ तोडलं आहे. लिंबू जास्त पिळावं.
मिठाची डबी मात्र समोर ठेवावी,
तिची भोकं मी मेणानं बुजवली आहेत.
हे: आधी नाही म्हणतात. म्हणू द्यावं.

आणि अगदी तळाशी, जागा संपत आली म्हणून बारीक,
भाऊजी: लवकी खात नाहीत.
अकरा वर्षं झाली, रोज खातात.

चुलीवर तवा तापत होता. मी तो तापू दिला.

लग्नानंतरचा तिचा पहिलाच आठवडा असेल.
लवकीची भाजी पाहून मी ताट सरकवलं होतं,
इतक्या जोरानं की पाण्याचा गडू आडवा झाला.
तिनं पाणी पुसलं. काही बोलली नाही.
मी समजलो, विषय संपला.

मग ती सगळी भजी, कढीतले ते मऊ गोळे,
दिवाळीतला तो हलवा,
मी बदामाचा समजून तिसऱ्यांदा वाटी पुढं केली होती,
आणि ती पदराआड खोकली होती,
तो खोकला होता का?

मागच्या कुडावर वेल होता.
आजवर मला वाटायचं, सावलीसाठी लावलाय.
पानं बाजूला केली तर आत तीन लोंबत होत्या,
थंड, बारीक लव असलेल्या,
मांजराच्या पिल्लासारखी वजनं.
एक तोडली. पंचफुलाबाईनं पलीकडून विचारलं,
"काहून गा, तू तं खात नाई ना?"
"पोट्ट्यांसाठी," मी म्हणालो.

किसली. पाणी सुटलं.
ज्वारीच्या पिठानं ते पिऊन घेतलं.
जिरं, लसूण, सांबार इतका बारीक
की गुंजनच्या नखाला सापडू नये.
धिरडी पातळ निघाली, कडेनं जाळीदार.
मोहितनं चार खाल्ली.
बाबांनी बुजलेली डबी दोनदा झटकली,
म्हणाले, "आज मीठ बरोबर हाय."
दादा नाही म्हणाला. मी म्हणू दिलं.
मग त्यानंही खाल्ली.

शेवटी मी बसलो.
पहिला घास तोंडात बराच वेळ ठेवला.
शोधत होतो तिला.
काहीच लागलं नाही,
नुसता ओलावा,
जो मला इतकी वर्षं तिच्या हाताचा वाटत होता.

रात्री फोन आला. जेवले का सगळे?
जेवले.
काय केलं होतं?
धिरडी.
कशाची?
ज्वारीची, मी म्हणालो.
पलीकडं कुणाच्या तरी खोलीत पंखा खडखडत होता.
मग वहिनी म्हणाली,
"डब्याचं झाकण नीट लावत जा, भाऊजी.
पोरकिडे होतात."