मगदूमांची गाडी

कावळा नाक्यावरनं घेतली, दुसऱ्या हातची,
राखाडी, एक काच वर जाताना अडखळणारी.
पहिल्याच रात्री गंगावेशीत दूध प्यायला थांबलो
तर कट्ट्यावरची पोरं बॉनेटला टेकून
फोनमध्ये मुंड्या घालून उभी.
"काका, तुमचं नेट लय पळतंय."

माझं नेट?
गाडीला नेट असतं हेच मला तेव्हा कळलं.
कट्ट्यावरच्या म्हशींना दावं होतं.
माझी गाडी मोकळी,
अख्ख्या चौकाला नाव सांगत उभी:
मगदूमांची गाडी.
पासवर्ड एक ते आठ, ओळीनं.
पोरगं म्हणालं, "पहिल्या झटक्यात लागलं."

उद्यमनगरात दस्तगीरनं पडद्यात बोट घातलं.
"कुलूप हाय की सायेब,
फक्त किल्ली कुलपालाच टांगलीया."
आजवर कोण कोण जोडलं, त्याची यादी निघाली:
मगदूम सर. श्रेणिक टॅब. सुलोचना.
खाली अकरा बिननावाचे.
"हे कोण?"
"कट्टा," मी म्हणालो.
"पुसू सगळं?"
उद्या, म्हटलं. लेथवर माणूस नव्हता.

त्याच संध्याकाळी मिरजकर तिकटीला, सिग्नलला,
पडद्यावर ओळ उमटली:
सुलोचना जोडले गेले.
यंत्राला बाई-पुरुष कळत नाही.
डावीकडं रिक्षा. मांडीवर औषधांची पिशवी,
फोन पिशवीतच असावा.
त्या माझ्याकडं बघत नव्हत्या.
मागच्या काचेवरचं 'श्रेणिक' मी ब्लेडनं खरवडलेलं,
त्या जागेकडं बघत होत्या.
सिग्नल सुटला. ओळ गेली.

मग पुसलं.
नवा पासवर्ड बावीस अक्षरांचा,
कुणाच्या वाढदिवसाचा नाही, मलाच पाठ नाही.
दस्तगीरला विचारलं, आता त्यांचा फोन?
"शोधत बसणार. हाय का, हाय का.
तुमची गाडी गप्प.
पर उद्या एखादा भामटा तेच नाव,
तेच एक ते आठ लावून हुबा राहिला,
तर फोन म्हणणार, आली आपली गाडी.
त्यास्नी सांगा एकदा. नाव काढून टाका म्हणावं."

पुसायच्या आधी नकाशातलं 'घर'
पीयूसीच्या कागदामागं उतरवून घेतलं होतं.
साडेतीन किलोमीटर.
जाऊन काय सांगू? बाई,
फोनमधून तुमची गाडी काढून टाका,
कुणीही ती असल्याचं सोंग घेईल?

पीयूसी या महिन्यात संपतेय.
नवी काढली की जुना कागद
टाकायचा असतो.